दहा मिनिटं पंप, अर्धा तास पंखा

बाबा,

तुमच्या नातीचा कॉम्प्युटर तीन आठवडे आपोआप बंद पडत होता आणि आपोआपच सुरू होत होता. तो दुरुस्त करायला तुमच्याइतकं लायक माणूस आपल्या खानदानात दुसरं नाही, आणि तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं होतील. नात तुम्ही पाहिलीच नाही, ती तुमच्यानंतर दीड वर्षानं झाली. कॉम्प्युटर मात्र तुम्ही एकदा पाहिला होता, बँकेत, काचेच्या पलीकडे, आणि घरी येऊन आईला म्हणाला होतात, "टीव्हीच हाय तो, फक्त त्याले टाइपरायटर जोडला." हा तसा नाही. ही गुडघ्याएवढी काळी पेटी आहे, एका बाजूला काच, आत तीन-चार पंखे आणि प्रत्येक पंख्याला लाल-निळे दिवे. आई तिला गणपतीची आरास म्हणते. पोरगी त्यावर खेळ खेळते हे खरं, पण पोटही त्यावरच भरू पाहते आहे. पुण्याच्या एका कंपनीला ती खेळांमधली घरं, झाडं, डोंगर बनवून देते. एकेक पार्ट मागवून मशीन तिनं स्वतः जोडलं. जोडताना ती फरशीवर मांडी घालून बसली होती आणि स्क्रू ओठांत धरले होते. तिला तसं धरायला कुणी शिकवलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडून घेतलं आणि मग पोळ्या लाटायला घेतल्या.

आईला मी चैत्रात अकोल्याहून इथे अमरावतीला आणलं. ती स्वतःहून आली नसती, हे तुम्हाला सांगायला नको. अकोल्यात अजूनही नळाला पाणी रोज येत नाही, येतं त्या दिवशी सगळं घर भरून ठेवावं लागतं, आणि बादल्या भरता भरता ती मोरीत चक्कर येऊन पडली. शेजारणीचा फोन आला तशी मी गेले आणि तिला घेऊन आले. बसमध्ये सबंध रस्ता तिचं एकच चालू होतं, "लेकीच्या घरी किती दिस राहायचं असते?" मी म्हटलं, तुझा जावई नागपूरला नोकरीला, रविवारी तोंड दाखवतो, घर म्हणजे आम्ही दोघीच, तू कुणाला लाजतेस? पण हे लाजणं माणसांना नसतं. पहिले आठ दिवस तिनं दुसरी पोळी मागून घेतली नाही.

मग हळूहळू रुळली, आणि त्याचं श्रेय माझं नाही, नातीचं. समोरच्या खोलीत खिडकीला कूलर, कूलरजवळ आईचा पलंग आणि पलंगाला लागून त्या आराशीचं टेबल. मी सकाळी स्कूटीनं भातकुलीला ऑफिसात जाते ती संध्याकाळी साडेसहाला परत. दिवसभर त्या दोघी एका खोलीत. एक कानांना हेडफोन लावून डोंगर रचते, दुसरी पलंगावर सुपात भाजी निवडते. मी घरी आले की दोघी एकमेकींच्या चहाड्या करत. "आई, आजी म्हणून राहिली माझ्या डोंगरावर पळस नाही, मग कशाचा डोंगर." "अन् हे पोरगी दुपारी जेवाले उठत नाई, म्या ताट नेऊन देतो तवा खाते." दोघींचे चेहरे इतके खुललेले असत की मला माझंच घर पाहुण्यासारखं दारात उभं राहून पाहावंसं वाटे.

आणि मग ते सुरू झालं. काम चालू असताना पडदा काळा, आतले पंखे गप्प, दोन सेकंदांनी पुन्हा दिवे लागतात आणि मशीन जागं होतं. न साठवलेलं काम गेलेलं असतं. रोज नाही, ठरावीक वेळी नाही. एखाद्या दुपारी तीनदा, एखाद्या दुपारी एकदाच. पोरीनं तिला येत होते तेवढे सगळे उपाय केले. मशीन तापतं का ते मोजलं, तापत नव्हतं. धूळ काढली. आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांची टोकं खोडरबरनं घासली, तुम्ही रेडिओचे पॉइंट घासायचे तसे. मशीनमधलं सगळं पुसून नव्यानं भरलं. शेवटी रिक्षात मांडीवर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं दोन दिवस दुकानात चालू ठेवलं, एकदाही बंद पडलं नाही. तो म्हणाला, "मशीन एकदम ओके आहे मॅडम. तुमच्या घरातच काहीतरी आहे." हे वाक्य तिनं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि आईनं ते ऐकलं.

तुमच्या दुकानातला तुमचा पहिला प्रश्न मला आठवतो. गिऱ्हाइकानं रेडिओ काउंटरवर ठेवला की मागचं झाकण उघडायच्या आधी तुम्ही विचारायचे, "कवा बंद पडते?" आणि मग, "तवा घरात काय काय चालू असते?" लोक वैतागायचे. आताच्या मशीनला हे विचारावं लागत नाही, ते आपण कधी मेलो त्याची वेळ स्वतःच लिहून ठेवतं. पोरीनं ती यादी काढली. एकूण एक वेळा दुपारी बारा ते पाचमधल्या. आणि मध्ये दोन दिवस कोरे, ज्या दिवशी आई वलगावला मावशीकडे गेली होती. रात्रीच्या जेवणाला यादी ताटाजवळ ठेवून ती म्हणाली, "बघ ना आई, आजी नव्हती त्या दोन दिवशी एकदाही नाही झालं." तिच्या मनात काही नव्हतं, बाबा, मी शपथेवर सांगते. ती कागदाकडे पाहत होती. पण माझं लक्ष आईच्या हाताकडे गेलं. घास उचललेला होता, तो तिनं परत ताटात ठेवला. "म्या त्याले बोट नाई लावलं, बाई," ती म्हणाली. कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आपलं सूप आणि चटई स्वयंपाकघरात नेली. वैशाखातलं आमचं स्वयंपाकघर म्हणजे भट्टी, पंखा लावला तर अंगावर गरम वारा येतो. मी रागावले, पोरीनं विनवलं, ती काही हलली नाही. आणि नशीब बघा, त्यानंतर तीन दिवस कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. "मले अकोल्याले नेऊन दे."

"कशाला?"

"माहा पायगुण नाई चांगला. तुह्या बाबाच्या वक्तीबी लोक म्हनत होते. त्या लेकराच्या पोटावर काहून पाय देऊ मी?"

तुमच्या वेळी कोण काय म्हणालं हे मला माहीत नव्हतं. तुम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी दुकानात बसल्या बसल्या गेलात, त्यात आईच्या पायाचा काय संबंध? पण कुणीतरी म्हणालं असणार, आणि ती चोवीस वर्षं ते पोटात घेऊन बसली असणार. मला तिला मिठी मारता आली असती. मी म्हटलं, "रविवारी पाहू," आणि डबा घेऊन निघाले. वाटेत दोन्हीकडे काळी रानं भेगाळून पडलेली होती आणि मला रडू येत नव्हतं, फक्त राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

तुमची आठवण आली ती त्या दिवशी ऑफिसात. माझ्या मनात होतं की संध्याकाळी घरी जाऊन पोरीसमोरच आईला खोदून खोदून विचारायचं, तू दुपारी काय काय करतेस, कशाकशाला हात लावतेस. आणि एकदम ते दही आठवलं. मी अकरा वर्षांची आहे, थंडीचे दिवस आहेत, तुम्ही मला लुनावर मागे बसवून अकोल्याजवळच्या एका खेड्यात नेलं आहे. टीव्ही मोठा, लाकडी पेटीतला, सरकत्या दाराचा, म्हणून दुकानात आणता येत नाही. घरात सासू खुर्चीवर, सून दाराआड. तुम्ही मागचं फळकूट काढता आणि आतून आंबूस वास येतो. मला वास लगेच ओळखू येतो, कारण आपल्या घरीही आई थंडीत विरजणाचं भांडं रेडिओवर ठेवायची, ऊब मिळते म्हणून. मी मोठ्यानं म्हणते, "बाबा, याच्यात दही सांडलं." सासू वळून सुनेकडे पाहते. सुनेचा चेहरा मला आजही दिसतो. तुम्ही मात्र डोकं आतून न काढता म्हणता, "दही नाई ते. कंडेन्सर फुटला का असाच वास येते." आणि खिशातून रुमाल काढून आतलं सगळं पुसून घेता.

परतताना तुम्ही रस्त्याकडेला लुना थांबवली. "आपुन टीव्ही दुरुस्त कराले गेलतो का त्या बाईचा संसार मोडाले?" मी म्हटलं, पण दहीच होतं. "नाक तुले हाय तसं मलेबी हाय. तोंड कवा उघडाव ते नाकाले नाई समजत, पोरी." तुम्ही मला त्याआधी कधी रागावून बोलला नव्हता. मी घरापर्यंत तुमच्या पाठीला न चिकटता ताठ बसून आले. रागच आला होता मला, खरं बोलल्याबद्दल बोलणी खाल्ली म्हणून. पुढे माझं लग्न झालं, मी स्वतः एका घराची सून झाले, आणि पहिल्याच महिन्यात माझ्या हातून सासूबाईंची लोणच्याची बरणी फुटली, तेव्हा मला तो कंडेन्सर नीट कळला.

म्हणून मी आईला काही विचारलं नाही. मंगळवारी रजा टाकली. पोरीला सांगितलं, तू नेहमीसारखं काम कर, आणि आईला सांगितलं, मला एकटीला करमत नाही, समोर येऊन बस. ती आली, पण टेबलाकडे पाठ करून बसली. मी पेपर तोंडासमोर धरून खोलीवर लक्ष ठेवलं. तासभर काहीच झालं नाही. आई गवार मोडत होती. मध्येच तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, उठली, कूलरच्या अंगावरचं पंपाचं बटण बंद केलं आणि परत गवारीला लागली. मी पान उलटलं. अर्ध्या तासानं पुन्हा घड्याळाकडे नजर, पुन्हा उठली, पंपाचं बटण चालू. कूलरच्या गवतावर पाणी पडायला लागलं. काही झालं नाही. आणखी दहा मिनिटांनी बंद, अर्ध्या तासानं चालू. या वेळी बटण दाबलं आणि मागे पोरीचं "अरे यार" ऐकू आलं. पडदा काळा.

आईनं वळूनही पाहिलं नाही. तिच्या लेखी ती पंपाचं बटण दाबत होती आणि कॉम्प्युटर कुठेतरी तिसरीकडेच होता. तो तिचा हात होता, पण सवय कुणाची, बाबा? दहा मिनिटं पंप, अर्धा तास नुसता पंखा. गवत भिजलं की पुरे, टाकीतलं पाणी उडून वाया का घालवायचं. अकोल्यात पाण्याची ओरड सुरू झाली तेव्हा तुम्हीच हा कायदा केला होता. आम्ही भावंडं कंटाळा करायचो, आई कधी विसरली नाही. आमच्याकडे अमरावतीत कूलरला नळाची पाइप लावलेली आहे, पंप दिवसभर चालू राहिला तरी कुणी विचारत नाही. आई वलगावला गेली किंवा स्वयंपाकघरात जाऊन बसली की पोरगी एकदा लावते आणि विसरून जाते. म्हणजे तुमच्या नातीचे डोंगर तीन आठवडे तुम्ही पाडत होता. मी पेपरमागे तोंड लपवून हसले, आणि मग हसणं आवरेना.

बाकीचं सोपं होतं. टेबलाखाली वाकून पाहिलं तर कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि त्या बोर्डाचं भोक इतकं ढिलं झालेलं की पिन हलवली की आत ठिणगी दिसे. पंपाची मोटर चालू होताना धक्का देते, ढिल्या जागी क्षणभर तुटतं, कूलरच्या पंख्याला त्याचा पत्ताही लागत नाही आणि या नाजूक पेटीचा जीव जातो. दर वेळी नाही, कधी कधी. लाल-निळ्या दिव्यांऐवजी पोरीनं आधी वीज तुटली तरी मशीन जागं ठेवणारा एक बॅटरीचा डबा घेतला असता तर हे तरी वाचलं असतं, तिला तसं म्हटलंही. पण तो कूलर त्या बोर्डावर लावला कुणी? मी. चैत्रात आई येणार म्हणून घाईघाईनं लावला, कारण खिडकीजवळचा पॉइंट दोन वर्षांपासून मेलेला होता आणि मी उद्या करू, उद्या करू करत होते. तुम्ही लग्नात भांड्यांच्या खाली गुपचूप घालून दिलेला टेस्टर अजून माझ्याकडे आहे. मेकॅनिकची पोरगी, आणि घरातला पॉइंट दोन वर्षं मेलेला.

आईला काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. तुमचाच धडा. चहा करून तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "सापडलं बरं का. बोर्ड जळला होता. जुना झाला होता."

ती बशीत चहा ओतत म्हणाली, "मंग मी नसतांनी काहून नव्हतं होत?"

"होत असेल. कधी कधी योगायोग असतो."

"तुले तुह्या बापासारखं खोटं बोलता येत नाई," ती म्हणाली. "तो बोलला का मानूस दोन रोट्या जास्त खाये. तुह्या बोलन्यानं माह्या पोटात गोया आला."

मग मला तुमचा धडा बाजूला ठेवावा लागला. त्या सुनेला खोट्यानं वाचवता आलं, कारण तिची चूक तिला ठाऊक होती. आईला तिची चूक ठाऊकच नव्हती, तिला फक्त पायगुण ठाऊक होता, आणि त्यावर खोटं बोललं तर तो तसाच राहिला असता. मी पोरीला बोलावलं, सगळं काम साठवून ठेवायला सांगितलं आणि आईला म्हटलं, "पंपाचं बटण दाब." ती दाबायला तयार होईना. मी तिचा हात धरून बटणावर नेला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा नाही. चौथ्यांदा दाबलं आणि आरास विझली. आई हात मागे घेऊन पाहत राहिली. मी तिला बोर्ड दाखवला, ठिणगी दाखवली, हे मी लावलं होतं तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, रेडिओवाल्याची बायको होती ती तीस वर्षं.

"म्हंजे बटनानं होये," ती म्हणाली.

"बटणानं."

"पायानं नाई."

"नाही."

"सरक तिकडं," ती म्हणाली आणि पुन्हा दाबलं. आणखी दोन-चारदा दाबल्यावर परत विझलं. पोरगी ओरडली, "आजी, बस ना, जळून जाईल ते," आणि आई हसायला लागली. बाबा, ती कशी हसायची ते मी विसरले होते, पदर तोंडाशी नेऊन, खांदे हलवत. पोरीनं हेडफोन काढून बाजूला ठेवला, पलंगावर चढून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि "सॉरी आजी" असं काहीतरी पुटपुटली. आई म्हणाली, "उठ, गवार सांडन." मी त्याच दुपारी मेन बंद करून खिडकीजवळचा पॉइंट उघडला. आत एक वायर सुटलेली होती, बस. अर्ध्या तासाचं काम होतं. आता कूलर तिथे आहे, आई कायदा पाळते आहे आणि यादीत नवी वेळ चढलेली नाही. डोंगर पुण्याला पोचला. पळसासकट. आई म्हणते पाऊस पडला की जाईन, पण तांदळाच्या डब्याची जागा तिनं स्वतःच्या सोयीनं बदलली आहे, त्यावरून मला जे समजायचं ते समजलं.

हे सगळं तुम्हाला लिहून मग आईला वाचून दाखवायचं असं मनात होतं. तिला आवडलं असतं, तुमचं नाव काढलं की ती अजूनही ऐकायला पुढे सरकते. पण एक गोष्ट वर लिहिताना मी गाळली. "रविवारी पाहू" म्हणून मी डबा घेऊन निघाले, असं लिहिलं आहे. मी लगेच निघाले नव्हते. ती आंघोळीला गेली तेव्हा मी स्टुलावर चढले, माळ्यावरून तिची अकोल्याची बॅग काढली, झटकली आणि पलंगाखाली ठेवली. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला हलकं वाटत होतं. तिची औषधं, तिचं पथ्य, दोघींच्या मध्ये दिवसभर माझा जीव टांगणीला, आणि आता तीच जाते म्हणाली होती. पॉइंट दुरुस्त केला त्या संध्याकाळी, कुणाला दिसायच्या आत, मी बॅग परत वर ठेवायला गेले तर ती जड लागली. आत तिची दोन पातळं घडी करून ठेवलेली होती, आणि औषधांची पिशवी. मी ती काढून कपाटात होती तिथे ठेवली. दुसऱ्या दिवशी तिनं त्यातलंच एक नेसलं. हे आता लिहून झालं आहे, म्हणून हा कागद तिला दाखवता येणार नाही.